मशीनचा चौथा पाय

‘अम्मी, मशीन निघाले!’

गेल्या वर्षी आमच्या घरात ही हाक दिवसाआड ऐकू यायची. हाक आली की हातातले काम टाकून मोरीकडे धावायचे. कपडे पिळायची वेळ झाली की आमचे वॉशिंग मशीन आधी कण्हायचे, मग थरथरायचे आणि शेवटी धाडधाड आवाज करत जागचे हलायचे. वीतभर पुढे येऊन ते दाराच्या चौकटीला टेकायचे. धाकटी लेक त्यावर चढून बसायची, तिला तो खेळ वाटायचा. मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची. तीन-चार मिनिटांची ती झुंज संपली की आम्ही मायलेकी हसायचो आणि कपडे वाळत घालायला परसदारी जायचो.

ही हसण्याची गोष्ट नव्हती, हे कळायला माझ्या सासूबाईंचे मनगट मोडावे लागले.

आम्ही अष्टमीत राहतो. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी आणि मध्ये पूल. नगरपरिषद दोन्हींची मिळून एकच. आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांसारखे माझेही घर आखातातल्या नोकरीवर उभे आहे. माझे पती वर्षातून एकदा सुट्टीवर येतात. मी शाळेत शिकवते. सकाळी दहाला घर सोडते ते संध्याकाळी साडेपाचला परतते. घरी सासूबाई, मुलगा आणि मुलगी. सासूबाईंना आम्ही सगळे माँ म्हणतो, मुले दादी म्हणतात.

माँचे सारे आयुष्य कपडे धुण्यात गेले, असे म्हटले तरी चालेल. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा नळ नव्हता. बायका गाठोडी घेऊन नदीवर जायच्या. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येते. ते वीजघर १९२७ सालचे, त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी आमची नदी वाहती असते. माँ सांगतात, ‘पाणी कधी चढेल ते आम्हाला पायाला कळायचे. गार झाले की गाठोडे उचलायचे.’ सहा मुलांचे, सासू-सासऱ्यांचे, दिरांचे कपडे त्यांनी दगडावर आपटून धुतले. आज त्यांच्या बोटांची पेरे सुजलेली असतात. म्हणूनच २०२१ मध्ये माझ्या पतींनी खास त्यांच्यासाठी मशीन घ्यायला पैसे पाठवले. वरून कपडे टाकायचे, साडेसहा किलोचे. ते पडवीत ठेवले आणि तीन वर्षे त्याने निमूटपणे काम केले.

मग नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. पडवीला नवी लादी बसवायची म्हणून मशीन मागच्या मोरीत हलवले. मोहल्ल्यातली चार पोरे आली. दार अरुंद, म्हणून त्यांनी मशीन आडवे केले आणि ‘हय्या’ करत आत नेले. त्या दिवसापासून ते हलू लागले.

सात महिने आम्ही त्यावर काय काय इलाज केले! आधी पुठ्ठ्याची घडी एका पायाखाली सारली, ती ओली होऊन लगदा झाली. मग रबरी चपलेचा तुकडा लावला, लाकडाची पट्टी लावली, शेवटी विटेचा तुकडा. रोह्याहून एक मेकॅनिक बोलावला. त्याने दोन मिनिटे पाहिले, झाकण उघडून बंद केले आणि म्हणाला, ‘आतले सगळे गेलेय. साडेचार हजार लागतील, नाहीतर नवीनच घ्या.’ पती फोनवर म्हणाले, ‘नवीन घेऊन टाक.’ मी म्हणाले, ‘ईद झाली की बघू.’ ईद झाली, परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या. मशीन हलत राहिले आणि आम्हाला त्याची सवय झाली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी सातवीच्या वर्गावर असताना शेजारच्या भाबींचा फोन आला. ‘माँ मोरीत पडल्यात. घाबरू नको, शुद्धीवर आहेत.’ मी घरी पोहोचेपर्यंत भाबींनी त्यांना रिक्षाने पुलापलीकडे दवाखान्यात नेले होते. उजव्या मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर.

रात्री घरी आल्यावर मी मोरीत गेले. साबणाच्या पाण्यात एक जाड चादर भिजत पडली होती. शेजारी ब्रश. मशीन कोरडे होते.

मी माँजवळ बसले. ‘माँ, मशीन असताना हाताने चादर का धुतलीत?’

त्या काही बोलल्या नाहीत. लेक दाराशी उभी होती, ती हळूच म्हणाली, ‘अम्मी, दादी नेहमीच धुतात. तुम्ही शाळेत गेल्यावर. चादरी आणि टॉवेल त्या टोपलीतून आधीच काढून घेतात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.’

मग माँ बोलल्या. ‘मला त्याची भीती वाटते गो. भिंत हादरते. पोरगी त्याच्यावर चढून बसते, एखाद्या दिवशी उलटले तर? एकटी जाड चादर आत गेली की ते जास्त उड्या मारते, म्हणून मी ती काढून घेते. बारीक कपडे असले तर एवढे नाही करत.’

‘मग मला का नाही सांगितलेत?’

‘काय सांगू? माझ्या लेकाने घाम गाळून पाठवलेले ते मशीन. तू दमून येतेस. त्यात मी आणखी एक तक्रार करू?’

त्या रात्री मला झोप आली नाही. बी.एड. करताना आम्हाला शिकवले होते की ज्या वर्गात मूल शंका विचारायला घाबरते, तिथे चूक शिक्षकाची असते. मी हे दरवर्षी नव्या शिक्षकांना ऐकवते. आणि माझ्याच घरात सत्तरी ओलांडलेली एक बाई सात महिने भीती पोटात ठेवून ब्रश घासत होती. मी मशीनवर हात दाबून हसत होते.

रविवारी भाचा नानीला बघायला आला. तो धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे. चहा पिता पिता मी म्हणाले, ‘बेटा, जाताना ते मशीन तेवढे भंगारवाल्याला दाखव.’

तो म्हणाला, ‘मामी, आमच्याकडे पंप हलायला लागला म्हणून कोणी भंगारात काढत नाही. आधी विचारतो, तो कधी हलतो?’

माँ पलंगावरून म्हणाल्या, ‘जाड चादर एकटी असली की.’

भाच्याने कप खाली ठेवला. ‘नानी, हे तुम्ही कुणाला सांगितले नव्हते?’

‘मला कुणी विचारले?’ माँ म्हणाल्या. मी खाली बघितले.

त्यानंतरचे दोन तास मी त्याच्यासोबत मोरीत होते. मुलालाही बोलावले. तो अकरावीत आहे. ‘हे तर अम्मीचे काम’ असा चेहरा करून तो उभा राहिला. मी त्याला एवढेच म्हटले, आपले पैगंबर (स.) घरी असताना आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, घरच्यांच्या कामाला हात लावत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगून ठेवले आहे. तू पाना धर. त्याने पाना धरला.

भाच्याने पहिली गोष्ट केली ती अशी की मशीन रिकामे ठेवून नुसते पिळायला लावले. ‘रिकामे असताना शांत राहिले तर दोष कपडे भरण्यात आहे. रिकामेही हलले तर दोष मशीनमध्ये किंवा जमिनीत आहे.’ आमचे रिकामेही हलत होते, पण कमी. म्हणजे आमच्याकडे दोन्ही होते.

मग त्याने प्लग काढला, नळ बंद केला आणि विटा, पट्ट्या सगळे बाहेर काढले. मशीनच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब दिला. ते टकटक डुलले. चौथा पाय जमिनीला टेकतच नव्हता. तो म्हणाला, ‘मामी, तिवई कधी डुलते का?’ मी भूमितीही शिकवते, तरी हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तीन टोके कशाही जमिनीवर टेकतातच. चौथा पाय आला की तो बरोबर मापाचा असावा लागतो, नाहीतर लटकतो.

आणि जमीन! मोरीला नाल्याकडे ढाळ असतोच, नाहीतर पाणी वाहणार कसे? आम्ही मशीन नेमके त्या ढाळावर उभे केले होते. गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब त्याने आणली होती. ट्यूबमधले पाणी दाखवत होते की मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगली दोन बोटे उंच आहे. मशीनच्या पायांना आटे असतात, ते फिरवून उंची कमी-जास्त होते. पण एवढा फरक त्या पायांनी भरून निघणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून मोरीच्या कडेला चार इंची सिमेंटचा सपाट ओटा करून घेतला आणि वर कडाप्पा बसवला. विटेचा तुकडा, फळी किंवा मऊ फोम हा इलाज नाही, कारण मशीन थरथरले की ते आधी दबतात, मग सरकतात.

शेवटी त्याने झाकण उघडून आतल्या डब्याकडे बोट दाखवले. ‘हा डबा खाली टेकलेला नसतो. चार कोपऱ्यांना चार रॉड असतात, त्यांवर तो पाळण्यासारखा लटकतो. म्हणून तो आतल्या आत डोलला तरी बाहेरचा पत्रा स्थिर राहतो.’ आमचा डबा एका बाजूला झुकलेला दिसत होता. हाताने खाली दाबून सोडला की चांगला डबा एकदा वर येऊन स्थिरावतो. आमचा दोन-तीनदा हेलकावत होता. वरचा पत्रा काढला तेव्हा कारण दिसले. मागच्या कोपऱ्यातल्या रॉडची वाटी तिच्या खोबणीतून निसटली होती. मशीन आडवे करून नेले त्या दिवशीच हे झाले असणार. उरलेले तीन रॉड सात महिने चौघांचा भार वाहत होते आणि तेही ढिले पडले होते. एकच रॉड नवीन घातला तर जुन्यांशी त्याचा जोर जुळत नाही, म्हणून चारही बदलले. तो संच आम्हाला हजार रुपयांच्या आत मिळाला. साडेचार हजार कशाचे होते, ते त्या मेकॅनिकलाच ठाऊक.

हे सगळे झाल्यावर प्रश्न उरला तो माँच्या चादरीचा. रात्री मी वही घेऊन हिशोब मांडला. आमच्या मशीनवर पिळण्याचा वेग मिनिटाला ७०० फेरे असा लिहिला आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा. डब्याची त्रिज्या साधारण २२ सेंटीमीटर. आता समजा, ओली चादर एका बाजूला गोळा झाली आणि त्या बाजूला एक किलो वजन जास्त झाले. तेवढ्या वेगात ते एक किलो बाहेरच्या बाजूला सुमारे १२० किलो वजनाइतक्या जोराने ओढते. सिमेंटची जवळजवळ अडीच पोती! आणि ही ओढ दर सेकंदाला बारा वेळा चारी दिशांना फिरते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. माझी लेक ज्यावर बसत होती ते हे. तिचे वजन ३२ किलो.

बारीक कपडे पुष्कळ असले की ते डब्याभोवती सगळीकडे सारखे पसरतात. एकटी चादर तसे करू शकत नाही, ती एका बाजूला गोळा होऊनच बसते. माँचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर होते. त्यांनी हिशोब केला नव्हता, पण त्यांनी पाहिले होते.

थोडासा असमतोल सांभाळण्याची सोय मशीनमध्येच असते, हेही मला भाच्याकडून कळले. डब्याच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे जाड कडे असते, त्यात मीठपाणी भरलेले असते. डबा जोरात फिरू लागला की हे पाणी आपोआप जड बाजूच्या विरुद्ध बाजूला जाते आणि तोल साधते. म्हणून सुरुवातीला मशीन जरा डोलते आणि वेग वाढल्यावर शांत होते. हे मी माँना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मीठ आहे होय त्यात! मिठाशिवाय कुठले काम नीट झालेय?’

असमतोल फार झाला तर पुष्कळ मशीन स्वतःच थांबतात, पुन्हा पाणी घेऊन कपडे पसरवून बघतात. काहींच्या पडद्यावर ‘यूई’ अशी अक्षरे येतात. आमचेही मध्येच पाणी घ्यायचे आणि आम्ही म्हणायचो, ‘वेडे झालेय.’ ते बिचारे आम्हाला सांगत होते. आम्ही त्याचेही ऐकले नाही.

माझ्या वाचक भगिनींसाठी आणि भावांसाठीही, मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. मशीन हलू लागले की आधी कपडे बघा. एकटी चादर, एकटी गोधडी किंवा एकच जाड जानमाज टाकू नका, सोबतीला दोन टॉवेल तरी टाका. डबा ठासूनही भरू नका, वर वीतभर जागा राहू द्या. पावसाळ्यात रेनकोट आणि बाळाच्या प्लॅस्टिकच्या चादरी पिळायला कधीही घालू नका; त्यांच्यात पाणी अडकून राहते आणि ऐन वेगात तोल एकदम जातो. मग पाय बघा. कोपरे दाबून मशीन डुलते का ते पाहा, लटकणारा पाय आटे फिरवून टेकवा आणि वरचा चेकनट घट्ट करा, नाहीतर तो आठवड्यात पुन्हा ढिला होतो. खालची जमीन सपाट आणि भक्कम हवी. हे सगळे करूनही हलले तर आतले रॉड तपासून घ्या. पुढून दार असलेले मशीन नवीन असेल आणि पहिल्याच दिवशी नाचत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले आहेत का ते बघा. डबा फिरताना घर्र असा लोखंडी आवाज येत असेल तर बेअरिंग गेले असण्याची शक्यता आहे, तिथे जाणकारच हवा. घर बदलताना मशीन उभेच न्या. काहीही तपासण्याआधी प्लग काढा. आणि हलणाऱ्या मशीनवर मुलांना बसू देऊ नका, स्वतःही हात दाबून धरू नका. ते धरून थांबत नाही, आतून मोडत जाते.

ओटा सुकल्यावर जुम्म्याच्या दिवशी आम्ही मशीन वर चढवले. मुलाने पाय सारखे केले, ट्यूब लावून दोनदा तपासले. एक जाड चादर, तिच्यासोबत दोन टॉवेल आणि बाकी नेहमीचे कपडे घातले. पिळायची वेळ आली तेव्हा मुलाने झाकणावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. लेक सवयीने पुढे धावली, मी तिला मागे ओढले. डबा आधी थोडा डोलला, मग आवाज एकसुरी झाला. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत होती, पण थेंबही सांडला नाही.

माँ दाराशी येऊन उभ्या होत्या, प्लॅस्टरचा हात गळ्यातल्या पट्टीत. त्यांनी डावा हात पुढे करून मशीनच्या पत्र्यावर ठेवला, गाय शांत आहे का ते बघावे तसा. थोडा वेळ तसाच ठेवला. ‘अल्लाहचे शुकर,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

प्लॅस्टर निघून आता चार महिने झाले. मनगट पूर्वीसारखे वळत नाही, डॉक्टर म्हणतात या वयात एवढे होणारच. हा भाग पान्याने दुरुस्त होत नाही. कपड्यांचे काम आता मुलाकडे आहे. शनिवार-रविवार तोच मशीन लावतो आणि कुठल्या चादरीसोबत काय टाकायचे ते दादीला विचारतो. मी रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे माँजवळ बसते आणि एकच प्रश्न विचारते, ‘आज घरात काय कुरकुरतेय?’

पहिले काही दिवस त्या ‘काही नाही’ म्हणाल्या. मग हळूहळू सुरू झाल्या. न्हाणीघराचा बल्ब चमकतो. गॅसचे बटण कडक झालेय. पायरीवर शेवाळ धरलेय. मी वहीत लिहून घेते आणि रविवारी मुलगा आणि मी एकेक काम करतो.

परवा त्या म्हणाल्या, ‘मिक्सर फार आवाज करतो हल्ली.’ मी लिहून घेतले. ‘आणखी काही?’

‘आहे,’ माँ म्हणाल्या. ‘तूपण हल्ली फार आवाज करतेस. पोरांवर.’

मी तेही लिहून घेतले.